बचावपटूवर नजर

आमच्या फुटबॉल क्लबमध्ये परदेशी खेळाडू आला की त्याचं घर, गाडी, बँक, एमिरेट्स आयडी हे सगळं माझ्या टेबलावर यायचं. त्याआधी फुजैरातल्याच एका हॉटेलच्या रिसेप्शनवर मी बरीच वर्षं काढली होती. रिसेप्शनवर उभं राहिलेलं माणूस एक गोष्ट पक्की शिकतं. जो पाहुणा फार गोड बोलतो, त्याच्या पासपोर्टची कॉपी आधी काढून घ्यायची.

जपानी बचावपटू येणार हे ठरलं तेव्हा टीम मॅनेजरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते इथलेच. वडिलांच्या दुकानात भारतीय माणसांच्या हाताखाली वाढले, त्यामुळे हिंदी माझ्यापेक्षा सफाईनं बोलायचे.

"सिस्टर, इस पे नजर रखना," ते म्हणाले. "पिछले साल जैसा नहीं होना चाहिए."

मागच्या वर्षीचा प्रकार मी कशी विसरेन? आमचा एक फॉरवर्ड दाताच्या डॉक्टरकडे जातो म्हणून गेला आणि परत आलाच नाही. क्लबची गाडी दुबई एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये सापडली. त्याचा फ्लॅट उघडला तर फ्रिजमध्ये अर्धं कापलेलं कलिंगड तसंच होतं. नंतर सगळ्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की जणू मीच त्याला टर्मिनलवर सोडून आले होते. त्यामुळे मॅनेजरांनी सांगायची गरजच नव्हती. मी ताकही फुंकून पिणार होते.

जपानी आला तो दोन मोठ्या बॅगा घेऊन. वय चौतिशीच्या आसपास, केस बारीक कापलेले, नाक कधीतरी मोडून जुळलेलं. नम्र इतका की मी किल्ली दिली तरी वाकायचा. माझ्या नावाला आदराचं 'सान' जोडायचा. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं. त्याचं इंग्रजी थायलंडमधल्या क्लबांत शिकलेलं होतं, तोडकं असलं तरी काम भागवणारं.

पंधरवड्यानंतर पाण्याचा फिल्टर बसवायला माणूस घेऊन मी त्याच्या फ्लॅटवर गेले, तर बॅगा हॉलमध्ये तशाच उभ्या. कपाट रिकामं. कपडे बॅगेतूनच काढायचे, धुऊन पुन्हा बॅगेतच ठेवायचे असा प्रकार. माझ्या मनात पाल चुकचुकली. माणूस राहायला आला असेल तर हँगरला निदान एक शर्ट तरी लटकेल.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो तेलाच्या टर्मिनलवर काम करतो. जहाजांना इंधन देणाऱ्या कंपन्यांच्या टाक्या तिथे आहेत. तो म्हणाला, "अगं, बॅग भरलेली असणं हा काय गुन्हा झाला? आपली पण बेडखाली एक भरलेलीच असते की."

"आपली लग्नाच्या साड्यांची आहे."

"मम्मी, यू सस्पेक्ट एव्हरीवन," मुलगी टॅबवरून मान वर न करता म्हणाली.

दुसरी गोष्ट गाडीची. माझ्या गाडीत तो माझ्या शेजारी बसला की मोकळेपणानं बोलायचा. फुजैराच्या किनाऱ्यापुढे नांगर टाकून उभी असलेली जहाजं कशाची वाट बघतात, डोंगरातल्या खेड्यांत पाणी कुठून येतं, असलं काहीबाही विचारायचा. पण त्याला क्लबची गाडी मिळाली, आणि कामासाठी मी त्याच्या शेजारी, म्हणजे इथल्या गाड्यांत उजवीकडे, बसू लागले, तसा तो बदलला. मी बोलत राहायची आणि तो समोर रस्त्याकडे बघत गप्प. फार झालं तर हसून "येस, येस." एकदा मी विचारलं, घरमालकाने एसी दुरुस्त केला का? तो म्हणाला, "येस." दोन दिवसांनी कळलं, एसी बंदच होता. स्वतःच्या गाडीत बसला की साहेब होतो, असं मी ठरवून टाकलं.

मैदानावर मात्र त्याच्याबद्दल बोलायला जागा नव्हती. माझा भाऊ वसईत पॅरिशच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, टीममध्ये बॅकला खेळायचा, त्यामुळे मला खेळातलं थोडं कळतं. गोलच्या पुढे मध्यभागी दोन बचावपटू असतात, एक उजवीकडचा आणि एक डावीकडचा. हा उजवीकडे खेळायचा. पळायला काही फार वेगवान नव्हता, पण सतत मान फिरवत राहायचा. आधी उजव्या खांद्यावरून मागे, मग डाव्या, पुन्हा उजव्या. चेंडू दुसऱ्या टोकाला असला तरी याची मान फिरतेच आहे. समोरचा फॉरवर्ड कुठे निघालाय हे त्या फॉरवर्डच्या आधी याला कळायचं. कोच युरोपातून आलेले आणि स्तुतीला कंजूष, पण तेसुद्धा म्हणाले, "हा माणूस कुणावर विश्वास ठेवत नाही. बॅक असाच हवा."

मग डाव्या बाजूचा आमचा बॅक गुडघा धरून मैदानाबाहेर गेला आणि मोसमभर परतलाच नाही. त्याच्या जागी घेतलेल्या मुलाला फक्त उजवीकडेच खेळता यायचं. कोचनी जपान्याला डावीकडे सरकवलं. मी तेव्हा मैदानाच्या कडेला पाण्याच्या बाटल्या मोजून घेत होते. जपानी काहीतरी बोलायला पुढे आला, थांबला आणि मान हलवून डावीकडे जाऊन उभा राहिला. इतक्या अनुभवी माणसाला बाजू बदलण्याचं एवढं काय, असं मला वाटून गेलं.

त्यानंतर आम्हाला सोपे सोपे गोल बसू लागले. जोडीदार उजवीकडून ओरडून सांगायचा, माणूस सोड, पुढे ये. हा मागेच. कधी दोघंही एकाच खेळाडूच्या अंगावर जायचे आणि दुसरा मोकळा सुटायचा. प्रत्येक वेळी चूक अर्ध्या पावलाची, पण गोल पुरा.

फुजैरा लहान आहे. टर्मिनलच्या कँटीनमध्ये बोललेलं संध्याकाळपर्यंत समुद्रकाठच्या कॉर्निशवर फिरणाऱ्यांपर्यंत पोचतं. एक दिवस नवरा घरी येऊन बूट काढता काढता म्हणाला, "तुमचा जपानी विकला गेलाय म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळेच. एवढा जुना खेळाडू अशा चुका करतो का, म्हणतात."

मी त्याचे बूट उचलून रॅकवर ठेवले. पण त्या दिवसापासून मी त्याला वेगळ्या डोळ्यांनी बघू लागले. त्याचा फोन वाजला की तो उठून बाहेर जायचा आणि नेहमी डाव्या कानालाच लावायचा. मला तेही लपवाछपवीचंच वाटलं. जेवणाच्या टेबलावर तो कायम उजव्या टोकाची, भिंतीकडची खुर्ची पकडायचा. म्हणजे सगळे याच्या नजरेत, आणि याच्या पलीकडे कुणी नाही.

त्याच सुमारास आम्ही शनिवारी माझ्या नणंदेकडे शारजाला गेलो. ती अल मजाजला, तलावाकाठच्या एका टॉवरमध्ये राहते. मुलीला खाली आइस्क्रीम घेऊन देताना मी सहज समोर बघितलं, तर पलीकडच्या बिल्डिंगच्या दारातून आमचा जपानी बाहेर येत होता. टोपी खाली ओढलेली, हातात पांढरा मोठा लिफाफा. सोबत सूट घातलेला एक भारतीय दिसणारा माणूस होता. त्याने जपान्याच्या खांद्यावर हात ठेवला, हा वाकला, आणि दोघं दोन दिशांना गेले.

मी रस्ता ओलांडून त्या दारावरच्या पाट्या वाचल्या. टायपिंग सेंटर, क्लिनिक, शिकवणीचा क्लास, ट्रॅव्हल एजन्सी. माझं बोट आपोआप शेवटच्या पाटीवर थांबलं.

त्याने फुजैरातून एवढा डोंगर ओलांडून तिकीट काढायला शारजाला का यावं? फुजैरात सगळे ओळखतात म्हणूनच. की तो सूटवाला दुसऱ्याच कामाचा होता? मॅनेजरांना फोन लावायला मी मोबाइल काढलासुद्धा. नवऱ्याने तो हातातून घेतला.

"काय सांगणार तू? लिफाफा बघितला म्हणून?"

"आधी पळालेल्याच्या वेळी मी गप्प राहिले होते."

"तेव्हा तुला माहीत नव्हतं. आता पण माहीत नाहीय. माहीत झालं की सांग."

मला राग आला, पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मी फोन केला नाही.

पुढची मॅच आमच्याच मैदानावर होती. मी नेहमीप्रमाणे गोलच्या मागच्या स्टँडमध्ये खालच्या रांगेत बसले होते. उत्तरार्धात समोरून एक लांब चेंडू आला. आमचा गोलकीपर गोल सोडून पुढे धावला आणि दोनदा मोठ्याने ओरडला, "कीपर! कीपर!" म्हणजे सोडा, चेंडू माझा. मला त्याचा आवाज स्टँडमध्ये स्वच्छ ऐकू आला. जपानी त्याच्या पुढ्यातच, थोडा डावीकडे होता. तरी त्याने उडी मारली, चेंडूला डोकं लावलं, आणि चेंडू कीपरच्या अंगावरून मागे गेला. त्यांच्या फॉरवर्डने तो रिकाम्या गोलमध्ये चालत नेला.

मॅच संपल्यावर मी कपडे बदलायच्या खोलीबाहेर बसच्या वेळा सांगायला उभी होते. दार उघडं होतं. कोचनी जपान्यासमोर उभं राहून विचारलं, "त्याने आवाज दिला होता?"

जपानी वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागला. मग म्हणाला, "मला ऐकू आला नाही."

"मी ओरडलो!" गोलकीपर म्हणाला. तिशीतला गडी, सकाळी नगरपालिकेत नोकरी करायचा आणि संध्याकाळी खेळायचा. रागाने त्याचा चेहरा लाल झाला होता. "अल्लाशप्पथ ओरडलो."

कोच त्याच्याकडे वळून म्हणाले, "खलास. पुढच्या मॅचला तू बाहेर."

जपान्याने वर बघितलं नाही. आता संशय कसला उरला होता? लांब स्टँडमध्ये मला ऐकू येतं, आणि याला येत नाही? हा पैशाला विकला गेला होता आणि वर दुसऱ्याच्या पोटावर पाय देत होता.

त्याच आठवड्यात त्याचा पासपोर्ट नूतनीकरणासाठी दुबईला त्यांच्या वकिलातीत द्यायचा होता. पासपोर्टही याच वेळी, असं मनात म्हणत मी निघाले. गाडी तो चालवत होता, मी शेजारी. डोंगरातला बोगदा मागे पडला आणि मी ठरवून टाकलं की आज सरळ विचारायचंच.

"शारजाला, अल मजाजला, तुम्ही कशासाठी जाता?"

उत्तर नाही. नजर रस्त्यावर, चेहरा शांत.

"मी तुम्हाला बघितलं तिथे. लिफाफा होता हातात."

काही नाही. थोड्या वेळाने माझी मान त्याच्याकडे वळलेली त्याला दिसली असावी. तो हसला आणि म्हणाला, "येस, येस."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढा निगरगट्ट माणूस मी रिसेप्शनवरही पाहिला नव्हता.

पुढे एका कॅफेटेरियापाशी त्याने चहासाठी गाडी थांबवली. आम्ही करक चहाचे कागदी कप घेऊन गाडीला टेकून उभे राहिलो. तो डोंगराकडे बघत होता. मी त्याच्या डाव्या हाताला होते, पाठ अर्धी फिरवलेली. तोंडातल्या तोंडात मराठीत पुटपुटले, "खोटारडा मेला."

तो लगेच वळला. "सॉरी? काही म्हणालात?"

मी कप हातात धरून तशीच राहिले. बंद गाडीत एवढ्याशा अंतरावरून विचारलेलं याला पोचलं नव्हतं, आणि उघड्यावर, ट्रकच्या आवाजात, ओठांतल्या ओठांत म्हटलेलं पोचलं. पण संशयी माणूस एवढ्यावर थांबत नाही. मी कप फेकायच्या निमित्ताने त्याच्यामागून फिरून उजवीकडे गेले आणि त्याच्याकडे न बघता साध्या आवाजात म्हणाले, "तुमचा मागचा टायर बसलाय."

तो चहा पीत राहिला.

मी पुन्हा डावीकडे आले. त्याच आवाजात तेच म्हणाले. तो झटकन वाकून टायर बघायला लागला. टायर व्यवस्थित होता. तो हळूच सरळ झाला आणि माझ्याकडे बघू लागला. त्याच्या चेहऱ्यावरचं ते नेहमीचं हसू गेलं होतं.

"आता तुम्हाला कळलं," तो म्हणाला.

उजवा कान पूर्ण गेला होता. दोन वर्षांपूर्वी थायलंडमध्ये एका सकाळी तो उठला, तेव्हा त्या बाजूला नुसता घूं घूं आवाज होता. काही दिवसांनी तोही थांबला. डॉक्टर म्हणाले, कधीकधी असं होतं, कारण सापडत नाही. त्याने कुणालाच सांगितलं नाही. करार करताना क्लब हृदय तपासतात, गुडघे तपासतात, रक्त तपासतात. कानाचं कुणी विचारत नाही. अल मजाजला तो ज्याच्याकडे जायचा, तो सूटवाला कान तपासणारा होता. ट्रॅव्हल एजन्सीच्या वरच्या मजल्यावरचं ते क्लिनिक. डावा कानही उतरतोय का, याची त्याला धास्ती होती. लिफाफ्यात त्याच तपासणीचे कागद होते. डावा ठीक होता.

"आणि बॅगा?" मी विचारलं.

"मला दोन क्लबांनी अर्ध्या मोसमात काढलंय. तेव्हापासून उघडत नाही." मग म्हणाला, "तुम्ही माझ्यावर नजर ठेवता हे मला पहिल्यापासून माहीत आहे. घरी आलात की आधी बॅगा बघता, मग मला."

तो पुढे म्हणाला, "राग नाही. माझंही कामच ते आहे. माणूस चेंडूकडे बघत नसेल, तर कुठे बघतो ते बघायचं."

यावर मी विरघळून जायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे गोलकीपरचा लाल चेहरा होता.

"तो ओरडला होता," मी म्हणाले. "मी स्टँडमधून ऐकलं."

"माहीत आहे. मी व्हिडिओत त्याचं तोंड बघितलं. पुन्हा पुन्हा बघितलं." मग म्हणाला, "मी खोटं बोललो नाही. मला खरंच ऐकू आलं नव्हतं."

"खरंही बोलला नाहीत."

त्याने कप चुरगाळून फेकला आणि गाडीत बसला. दुबईपर्यंत त्यानेच गाडी चालवली. वकिलातीतलं काम झालं, आणि परत निघताना त्याने किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाला, "तुम्ही चालवा. मला बोलायचं आहे."

येताना तो जेवढं बोलला, तेवढं नंतर कधी बोलला नाही. जपानच्या उत्तरेकडे, बर्फाच्या भागातल्या लहान गावात तो वाढला. शाळेत तो फॉरवर्ड होता. गोल चुकवायचा म्हणून मास्तरांनी मागे ढकलला. अठराव्या वर्षी दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबात गेला, कितीतरी वर्षं राखीव बाकावर बसला, मग वरच्या श्रेणीत चढला आणि तिथे नियमित खेळला, पण पेपरात नाव यावं असा कधी नव्हता. देशाच्या संघाचं एकदा बोलावणं आलं, सराव केला, मॅच मिळाली नाही. वय झालं तसा थायलंडला गेला. बायको आणि मुलगी गावीच राहिल्या. हे सगळं तो तक्रारीच्या सुरात सांगत नव्हता. कुणी आपल्या कंपनीतल्या बदल्या सांगाव्यात, तसं सांगत होता. डोंगर सुरू झाले तेव्हा म्हणाला, "कानाचं सांगितलं तर पुढचा करार मिळणार नाही. कुठेच नाही."

मी म्हणाले, "बहुतेक नाही मिळणार."

मी त्याला सांग किंवा नको सांगू असं म्हटलं नाही. खरं सांगायचं तर तो सांगेल यावर माझा विश्वासही नव्हता. मीच मॅनेजरांना सांगायचं का, याचा विचार घरी पोचेपर्यंत करत होते. नवऱ्याने विचारलं, "कळलं का काही?" मी म्हणाले, "कळलं. पण ते सांगायचं काम माझं नाहीय."

दुसऱ्या दिवशी सरावाआधी त्याने कोचना गाठलं आणि सगळ्या टीमसमोर सांगितलं. मला हे टीमच्या फिजिओथेरपिस्टकडून समजलं. कोच कानापेक्षा या गोष्टीवर जास्त भडकले, की मी तुला डावीकडे टाकलं तेव्हा तू तोंड का उघडलं नाहीस.

मॅनेजरांनी मला पुन्हा केबिनमध्ये बोलावलं. "सिस्टर, एक कान, दो कान, किसको पता? अब पकड़ा गया तो बहाना बना रहा है." त्यांनी त्याला हॉस्पिटलमध्ये तपासणीसाठी पाठवलं आणि सोबत मलाही, तो दुसरीकडून कागद आणतो की काय हे बघायला. काचेच्या खोलीत त्याच्या कानावर हेडफोन लावले. डावीकडे आवाज आला की तो बोट वर करायचा. मग उजवीकडे तपासणी सुरू झाली. बाहेर बसलेल्या मला मशीनचा काटा हलताना दिसत होता, आणि तो मांडीवर हात ठेवून वाट बघत होता. रिपोर्ट वाचूनही मॅनेजर म्हणाले, "इन्शाल्ला सच होगा." त्यांचा संशय शेवटपर्यंत पुरता गेला नाही. माझा त्या काचेपाशी गेला.

गोलकीपर परत टीममध्ये आला. जपान्याने सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली, तरी तो बरेच दिवस त्याच्याशी बोलत नव्हता. पास द्यायचा, हात मिळवायचा नाही. जपानी पुन्हा उजवीकडे खेळू लागला, आणि डावीकडे एका तिसऱ्यालाच उभं केलं. एकदा कॉर्नर किकच्या आधी मला स्टँडमधून दिसलं, गोलकीपर पुढे आला, जपान्याचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि डाव्या कानात काहीतरी ओरडला. दोघंही हसले. त्या दिवसानंतर पुन्हा गोल बसले, नाही असं नाही, पण ते समोरच्यांच्या कर्तबगारीचे होते. आम्ही लीगच्या टेबलात मधेच कुठेतरी राहिलो.

त्याचा करार वाढवला नाही. बातमी बाहेर फुटलीच होती. दोन क्लबांनी आधी विचारणा केली होती, त्यांचे फोन बंद झाले. त्याला आश्चर्य वाटलं नाही. शेवटचे काही आठवडे बायको आणि मुलगी आल्या होत्या. त्यांना आम्ही घरी जेवायला बोलावलं. माझ्या हातचं सुक्या बोंबलाचं कालवण त्याच्या बायकोने दोनदा मागून घेतलं. आमची मुलगी आणि त्यांची मुलगी एकमेकींची भाषा न कळता तासभर पत्ते खेळल्या.

आता तो आपल्या गावी मुलींच्या हायस्कूलच्या टीमला बचाव शिकवतो. अधूनमधून मेसेज येतो. मागच्या मेसेजमध्ये चिखलाने माखलेल्या मुलींचा फोटो होता, आणि खाली लिहिलं होतं, "आज हरलो. पण बॅक चांगल्या खेळल्या."